पत्र्याची वाटी

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात मंदाकिनी सुरवसेच्या घरानं तिच्या लेकीला धरायचं सोडून दिलं.

पहिला गेला कंगवा. केतकी विंचरायला बसली, तर कंगवा तिच्या बोटांतून पार होऊन खाली पडला. मंदानं उचलून दिला, परत खाली. मंदाच्या हातात मात्र तो गुमान राहत होता. दुसऱ्या दिवशी चहाचा कप गेला. मग दाराची कडी तिच्या हाताला लागेना, मग नळाचं पाणी तिच्या ओंजळीला वळसा घालून मोरीत जायला लागलं. एका सकाळी ती खुर्चीवर बसली ती खुर्चीतूनच खाली आली आणि फरशीवर आपटली. खुर्ची जशीच्या तशी उभी. केतकी माकडहाड चोळत म्हणाली, "आई, हिला काय झालं गं?"

मंदानं खुर्ची उलटी करून पाहिली. खिळे जागच्या जागी होते.

नवरा ट्रकवर, आसामच्या वाटेला. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "अर्थिंग बघून घे." झालं! पुरुषांना काहीही सांगा, शेवटी वायरमनच बोलवायला सांगतात. मंदानं फोन ठेवला आणि काय काय टिकतंय ते स्वतःच बघायला घेतलं. केतकीच्या अंगावरचे कपडे टिकून होते, कारण ते सगळे मंदानं शिवलेले. आईनं घास भरवला तर तो तोंडात राहायचा, पोटात जायचा. पलंग तिला घेईना, पण आईच्या अंगावर रेलून झोपली तर झोप लागायची. मंदा भिंतीला टेकून रात्र काढायची आणि सकाळी आंबलेल्या पाठीनं गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवायला बसायची. चालवून घेऊ, ती मनाशी म्हणायची. बायकांच्या जातीला चालवून घ्यायची भारी हौस.

पण मग खालच्या मजल्यावरच्या कल्याणशेट्टीकाकू वर आल्या. हातात निरांजन तसंच.

"तुमच्या केतकीचा पाय आमच्या देव्हाऱ्यावर लोंबत होता," त्या म्हणाल्या. "घोट्यापर्यंत. पैंजणावरनं ओळखला."

"कधी?"

"आत्ताच. पाळीबिळी नव्हती ना तिची?"

"नाही हो काकू."

"मग ठीक आहे. पण लक्ष ठेवा. आज पाय आला, उद्या अख्खी येईल. आणि आमच्या घरानं तरी धरलं पाहिजे ना तिला?" एवढं बोलून त्या आरती अर्धी राहिली म्हणून उतरून गेल्या.

मोरीजवळच्या फरशीवर केतकी बसली होती. पाय पोटाशी ओढून, दोन्ही हातांनी घट्ट धरून. वीस वर्षांची पोरगी, फार्मसीला जाणारी, पण पाय सोडायला तयार नव्हती. "आई, मी नुसती उभी होते," ती म्हणाली. खुर्ची गेली, पलंग गेला, ते चालवून घेता येत होतं. जमीनच गेली तर पोरगी जाणार कुठे? कल्याणशेट्टींच्या घरातून खाली, तिथून तळमजल्यातून खाली, आणि मग?

मंदा उठली आणि समोरच्या फ्लॅटमध्ये जयमालाकडे गेली.

जयमालाचं ब्युटी पार्लर. बुधवारी दुपारी ती दार अर्धं लोटून बायकांना चेटूक शिकवायची. त्यात लपवाछपवी काही नव्हती. पाटीवरच लिहिलं होतं, फेशियल, ब्रायडल, चेटूक. बार्शीतल्या चांगल्या चांगल्या घरच्या बायका यायच्या. कुणाला सासूचा घसा बसवायचा असायचा, कुणाला नवऱ्याचं घोरणं शेजारच्या घरात पाठवायचं असायचं. मंदा आजवर कधी फिरकली नव्हती. वेळ कुठे होता तिला?

जयमालानं सगळं ऐकून घेतलं. एका बाईच्या भुवया करता करताच. दोरा दातात धरून ती म्हणाली, "घराला ओळख करून द्यावी लागेल. काठी पाहिजे, सुरी पाहिजे, दोरा पाहिजे, पाण्याला भांडं पाहिजे."

"कुठं मिळतात?"

"मिळत नाहीत. मिळतात ती शोभेची. तुळजापूर रोडच्या त्या बाईनं ऑनलाइन काठी मागवली, चांगली नक्षीची. महिनाभर ती काठी नुसती पार्सल कुठून आलं ते सांगत बसली. आपलं हत्यार आपण करायचं मंदा. घरात जे आहे त्यातनं. आपला हात ज्यावर झिजलाय ते ऐकतं."

आता करणं म्हटल्यावर मंदा कुणाला ऐकतेय! मिक्सरचं तुटलेलं बटण तिनं हुकानं चालतं केलेलं, टाकीचा फ्लोट केतकीच्या लहानपणच्या चेंडूचा, दाराची घंटा सायकलची. ती घरी येऊन कामाला लागली. लाटण्याची एक मूठ तुटलेली होती, ती घासून गोल केली, काठी झाली. हॅक्सॉचं मोडकं पातं चौकटीच्या दगडावर घासून धार काढली, मुठीला चिकटपट्टी आणि वर जुन्या ब्लाउजची कातरण गुंडाळली, सुरी झाली. परकराची नाडी सोडवून तिला गाठी मारल्या. नाडी ओढली की गाठी आपोआप घट्ट व्हायच्या, हे बघून तिला जरा धीर आला. भांडं म्हणून फळीवरचा तांब्या घेतला. रोज पाणी भरून भरून त्याचा काठ तिच्या हाताच्या आकाराचा झाला होता.

दिवेलागणीला तिनं तांब्यात पाणी घेतलं, काठी बुडवली आणि उंबऱ्यापासून सुरुवात केली. खुर्चीवर पाणी शिंपडायचं आणि म्हणायचं, "ही आपली केतकी. ओळख ठेव." कपाटाला तेच, नळाला तेच, फ्रिजला तेच. केतकी तिचा पदर धरून मागं मागं चालत होती. एरवी असल्या गोष्टींना फिदीफिदी हसणारी पोरगी, पण आज प्रत्येक वस्तूपुढं शहाण्यासारखी हात जोडत होती. नाडी घराभोवती फिरवून झाली. सुरीनं उंबऱ्यावर रेघ मारली. वस्तूंनी ऐकलं, हे मंदाला कळलं. फ्रिज थोडा वेळ गुरगुरायचा थांबला.

सकाळी खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. धोतर, बंडी, पाय वर घेऊन मांडी घातलेली. खुर्चीनं त्याला असं पोटाशी धरलं होतं की लाकडाचा ताठा निघून तिची गादी झाली होती.

"कोण आपण?" मंदानं विचारलं.

"निवृत्ती घोडके. चहा मिळंल का? साखर कमी."

"इथे कसे?"

"मी काय मुद्दाम आलो नाही बाई. घरानं बोलावलं."

चहा दिला. कप त्याच्या हातात नीट राहिला. त्यानं चूळ भरायला नळाखाली हात धरला तर नळ आपण होऊन सुरू झाला. पलंगावर आडवा झाला तर उशी सरकून मानेखाली आली. केतकी दाराच्या चौकटीजवळ आईच्या खांद्याला धरून उभी होती आणि आपल्या पलंगाची ही वागणूक बघत होती. तिचे डोळे भरून आले. "माझ्यापेक्षा हे आवडले त्याला," ती म्हणाली.

मंदाचं टाळकंच सरकलं. "अहो घोडके, तुम्ही आमचे कोण लागता?"

"कोण नाही. तांब्या बघा."

मंदानं तांब्या उपडा केला. बुडावर बारीक अक्षरं होती. कै. निवृत्ती आबा घोडके यांच्या स्मरणार्थ. त्यांच्याच तेराव्याला वाटलेला तांब्या. घरात कसा आला, ते आता सासूलाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं तो घासला, भरला, ओतला, पण बुडाचं वाचलं नव्हतं कधी. आपल्यात वाचतं कोण? भांडं आलं, फळीवर गेलं.

मंदानं फळी रिकामी केली. सगळी भांडी फरशीवर उपडी मांडली. पातेल्यावर मोहिते परिवार, वास्तुशांतीनिमित्त. डब्यावर पुष्पाच्या डोहाळजेवणाची तारीख. ताटावर मामांचं नाव, परातीवर मोठ्या जावेच्या माहेरचं, पेल्यांवर असल्या लोकांची नावं ज्यांचे चेहरेही तिला आठवेनात. मंदाचं एकावर नव्हतं, केतकीचंही नव्हतं. घरानं रोज ज्यांची नावं पोटावर वागवली त्यांनाच ते ओळखत होतं.

"ही सगळी येणार का आता?" मंदानं विचारलं.

"बोलावलंत तर," निवृत्ती आबा पलंगावरून म्हणाले. "एरवी नाही. आम्ही देऊन उठलेली माणसं. नाव मागं राहतं आणि आम्ही उठतो. जेवण झालं की उठावंच लागतं, नाही का?"

दुपारी केतकीचा दुसरा पाय गुडघ्यापर्यंत गेला. मंदानं तिला काखेत हात घालून ओढून काढलं आणि मग खाली ठेवलंच नाही. पाठीवर घेतलं, साडीनं आवळून बांधलं, आणि तशीच कामाला लागली. पोरगी तिच्याहून हातभर उंच, पाय मागं फरफटत होते. "आई, मी जड आहे गं," केतकी कानाशी म्हणाली. "गप," मंदा म्हणाली. ती त्या वेळी घाबरलेली होती, आणि घाबरली की ती असंच तोडून बोलायची.

भांडं विकत आणून भागणार नव्हतं, आणि घरातलं एकही आपलं नव्हतं. मग तेलाचा रिकामा डबा होता, तो तिनं कात्रीनं कापला. ब्लाउजची कात्री, तिची वाट लागली. पत्र्याचा गोल तुकडा खलबत्त्याच्या खलात ठेवून वरून बत्त्यानं ठोकत ठोकत खोलगट केला. कडा हाताला लागू नये म्हणून पक्कडीनं दुमडली, आतला तेलकटपणा राखेनं काढला. वाटी ओबडधोबड झाली, एका अंगाला कललेली, पण पाणी राहत होतं. बाहेरून तेलाच्या कंपनीचं अर्धं सूर्यफूल दिसत होतं. मंदाला ती वाटी इतकी आवडली की तिनं तिचा मुका घेतला.

आता नाव. केतकीला पाठीवर घेऊनच ती भांडे गल्लीत गेली. वाटेत कुणी काही विचारलं नाही; एकानं रिक्षाला हात केला तेवढाच. दुकानाच्या पायरीवर दिलावर मशीन घेऊन बसलेला होता. सुईचं मशीन, लग्नसराईत त्याला मान वर करायला फुरसत नसायची. समोर पेल्यांची चळत होती आणि तो एकेका पेल्यावर एकच नाव घालत होता.

"वाटी होय ही?" तो म्हणाला.

"वाटीच. नाव घाल, केतकी."

"केतकीस," दिलावर पुटपुटला आणि सुई टेकवली. कर्रर्र करून अक्षरं उमटायला लागली. पाठीवरची केतकी आपलं नाव उमटताना बघत होती. शेवटच्या अक्षरावरून सुई उचलून, फुंकर मारून, मान वर न करता त्यानं रोज प्रत्येकाला विचारतो ते विचारलं. "कुणाकडून?"

"आईकडून," मंदा म्हणाली.

ते तोंडातून कधी गेलं हे तिला कळलंसुद्धा नाही. दुकानात कुणालाही विचारलं असतं तरी हेच झालं असतं. भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंच. त्याशिवाय ते भांडं उघडं दिसतं. दिलावरनं स्वल्पविराम दिला आणि खाली घातलं, आईकडून.

त्या संध्याकाळी मंदानं पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात केली. पत्र्याच्या वाटीत पाणी, त्यात लाटण्याची काठी. "ही आपली केतकी. ओळख ठेव." पहिल्यांदा पैंजण वाजलं. केतकीचा पाय फरशीला लागला आणि फरशीनं तो धरला. मंदानं पाठीवरची साडी सोडली. केतकी उभी राहिली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, मग धावत जाऊन खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. नळाखाली ओंजळ धरली तर ओंजळ भरली. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि रडता रडता हसायला लागली. "आई, गार आहे गं पाणी!" मंदा मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी धरून तिनंही मनसोक्त रडून घेतलं. तिला त्या क्षणी जगात कुणाकडून काही नको होतं.

निवृत्ती आबा पलंगावरून उतरले. वहाणा शोधल्या. जाता जाता त्यांनी ओट्यावरची वाटी उचलून उजेडाकडे धरली आणि डोळे बारीक करून वाचली.

"घातलंत होय," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. चांगली आहे वाटी." ते दार ओढून जिन्याकडे गेले. पायऱ्यांवर वाजलेलं मात्र काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या सकाळी मंदा चपात्या करायला बसली आणि उलथनं तिच्या बोटांतून गेलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उचललं, तर क्षणभर राहिलं आणि परत गेलं. शिवणयंत्राच्या पायट्यावर पाय टेकला, तो पायट्यातून खाली. वाटी ओट्यावर होती. मंदानं ती हातात घेतली आणि दिलावरची अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. एकदा वाचली, परत वाचली. नाव मागं राहतं आणि देणारा उठतो, हे आबांचं बोलणं तिला आठवलं. "अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

चूक कळल्यावर मंदा स्वस्थ बसणारी नव्हती. पात्याची सुरी घेतली आणि 'आईकडून'मधला आ खरवडायला लागली. पत्र्यावर चरा उमटला, आचा काना पुसट झाला, आणि बाहेरच्या खोलीतून केतकी किंचाळली, "आई!"

मंदा धावली. केतकी कमरेपर्यंत फरशीत होती आणि सोफ्याचा पाय धरू पाहत होती. तिची बोटं सोफ्याच्या पायातून जात होती.

"काही नाही, काही नाही," म्हणत मंदा परत फिरली. एक खिळा घेतला, बत्ता घेतला आणि आचा काना पत्र्यात पुन्हा ठोकला. दिलावरपेक्षा खोल. बत्ता हातातून निसटायचा, ती उचलायची आणि ठोकायची. बाहेर फरशीनं केतकीला वर दिलं. मग मंदानं काना नुसताच नाही, पुढची सगळी अक्षरं खिळ्यानं गिरवली, एकेक करून, शेवटच्या न पर्यंत. गिरवताना तिचे ओठ आवळलेले होते. काम झाल्यावर वाटी पुसून फळीवर सगळ्यांच्या पुढं ठेवली.

त्या दिवसापासून मंदाला एक युक्ती सापडली. घर तिला क्षणभर धरायचं. वस्तू घेतली की लगेच ठेवायची, तवा उचलला की लगेच टेकवायचा, कुठल्याही फरशीवर पाय फार वेळ ठेवायचा नाही. मग जमत होतं. ती या फरशीवरून त्या फरशीवर, ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरायची. ब्लाउज उभ्या उभ्या शिवायची, एक टाका इथे, एक टाका तिथे. झोप चालता चालता. आणि गंमत म्हणजे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. यात वेगळं काय होतं? ती आधी तरी कुठे बसत होती? "आई, जेवायला बस की," केतकी म्हणायची. "तू बस, मी मागून बसते," मंदा म्हणायची, आणि बार्शीतल्या कुठल्याही घरात डोकावलात तर हेच ऐकू येईल.

क्षण मात्र लहान होत चालला. होळीच्या सुमाराला मोरीजवळची फरशी तिला अजिबात घेईना. मग खिडकीखालची. फिरायची जागा ओट्यापासून टेबलापर्यंत उरली, आणि मंदाचा वेग वाढत गेला.

रविवारी दुपारी केतकी जेवायला बसली होती. मंदा टेबलाभोवती फिरत तिला वाढत होती, भाकरी, वांगं, ठेचा, पुन्हा भाकरी. केतकीनं हात आखडला.

"आई, तू थांब."

"थांबते की. ताक आणते आधी."

"नाही. आधी थांब." केतकी उठून तिच्या वाटेत आली. मंदा तिला वळसा घालून गेली, केतकी पुन्हा आडवी आली. "तू कितीतरी दिवसांत बसलेली नाहीस. मी बघतेय. रात्री जागी झाले तरी तू चालतच असतेस. त्या वाटीचं काही आहे का?"

"वाटीचं काय असायचंय? वाटी आहे."

"आई, माझ्याकडे बघ. त्या वाटीनं तुला काही होत असेल तर मला सांग. मी आत्ता ती बत्त्यानं चेचून टाकते. मला नको तसलं धरणं." आणि ती खरंच फळीकडे गेली, आणि फरशीनं तिची पावलं इतकी छान धरली, पैंजण इतकं स्वच्छ वाजलं, की मंदाला राहवलं नाही.

"अगं वेडे, काही नाही मला!" ती ओरडली. "कामाची सवय आहे नुसती. बसता येत नाही होय मला? चांगली धडधाकट आहे मी."

केतकी वाटी हातात घेऊन वळली. तिनं आईला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. तेवढ्या वेळात मंदानं जागच्या जागी तीनदा पाय बदलले.

"मग बस," केतकी म्हणाली. तिनं वाटी टेबलावर ठेवली, आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि तिची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून मागं उभी राहिली. "माझ्यासमोर बस. एक घास खा. मग मी वाटीचं नाव काढणार नाही."

"बसते की," मंदा म्हणाली. "त्यात काय एवढं."

तिनं कपाळावरचा घाम पुसला, पदर खांद्यावर सारखा केला, निऱ्या गोळा करून हातात घेतल्या, आणि लेकीकडे बघून हसत ती बसली.